अंबूबाईंच्या कमरेचा फोन

मित्रांनो, मी एक जुना कॉर्डलेस फोन. माझ्या बटणांवरचे आकडे पुसले आहेत, पाठीला चिकटपट्टी आहे. मी राहतो वडनेर भोलजीला, अंबूबाईंच्या कमरेला.

त्यांनी मला नांदुऱ्याच्या दुकानातून आणले. दुकानदार पंजाबरावांनी विचारले, "काकू, दिवसातून किती फोन करता? बाहेरगावी लय बोलता काय?"

"मले कोनाशीच बोलाचं नाही," अंबूबाई म्हणाल्या. "लकवा मारला तवापासून आमच्या घरच्यायची वाचा गेली. मोबाइल त्यायच्या एका हातानं चालत नाही. मी मागच्या वावरात असली, का त्यायले मले हाक मारता आली पायजे."

पंजाबरावांनी चकचकीत फोन बाजूला सारले आणि आम्हा जुळ्या भावांची जोडी काढली. एकाचे बटण दाबले की दुसरा वाजतो. अंबूबाई मला घेऊन भर रस्त्याने दीडशे पावले चालत गेल्या. मी तिथेही खणखणीत वाजलो, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

"पन ध्यानात ठेवा," पंजाबराव म्हणाले, "लाइट गेली का हा मुका."

भाऊ त्यांच्या नवऱ्याच्या, अर्जुनरावांच्या, खाटेशी, विजेच्या बोर्डाला जोडून राहिला. मी वांग्यांच्या ओळींतून हिंडू लागलो. पाणी हवे असले की एकदा वाजायचे, कूस बदलायची असली की दोनदा. दोन वर्षांत अंबूबाईंनी एकही हाक चुकवली नाही. शेजारणी म्हणायच्या, "कमरेले नवराच बांधला वं बाई!"

मग ती सकाळ आली. वांगी तोडणे चालू होते, विहिरीवरची मोटार पाणी ओढत होती. एकाएकी मोटार गप्प झाली. त्याच क्षणी भाऊ मला ऐकू येईनासा झाला. संपर्क तुटला, हे सांगायला मी माझ्या बॅटरीवर बारीक टीं-टीं करू लागलो. पण वारा सुटला होता आणि अंबूबाई टोपलीवर वाकल्या होत्या. अर्जुनरावांनी बटण दाबले असेल का? एकदा? दहादा? मला कळायला मार्ग नव्हता.

चार वांगी पडली. पाच. सहा. मग त्यांचे लक्ष दांडाकडे गेले. पाणी थांबले होते.

"लाइट गेली!" हातातले वांगे गळाले. "अवं माय, हा फोन बी गेला!"

त्या धावत सुटल्या. काटे पाहिले नाहीत, कुंपणाची तार पाहिली नाही.

अर्जुनराव खाटेवरून घसरले होते. मान खाट आणि भिंत यांच्यामध्ये अडकलेली, चेहरा काळानिळा. चालत्या हाताचा अंगठा बटण दाबतच होता. अंबूबाईंनी खांदा लावून त्यांना वर ओढले. बराच वेळ काही नाही. मग एक श्वास. मग खोकला.

"काऊन गेली मी, काऊन गेली," म्हणत त्या त्यांना धरून बसल्या.

तेवढ्यात लाइट आली. अर्जुनरावांनी पुन्हा बटण दाबले आणि मी त्या दोघांच्या मध्ये वाजू लागलो. अंबूबाईंनी मला बंद केले नाही. "आली जी, आली," त्या म्हणत राहिल्या. "इथंच हाय मी."

आता घरात इन्व्हर्टर आहे. पण मित्रांनो, फोन घेताना रंग पाहू नका. कोणाची हाक, कुठपर्यंत पोहोचायची, ते आधी विचारा. आणि तो कधी मुका पडतो, हेही विसरू नका. तेव्हा तुम्हीच धावायचे असते.