कुंकवाखालची चीर

मित्रांनो, जवळ या, पण माझ्या वरच्या पात्याला हात लावू नका. तिथली कुसळं अजून बोटात शिरतात. मी एक जुनं, मोडलेलं धनुष्य आहे. इंग्लंडात मिल्टन कीन्स गावातल्या एका तिरंदाजी क्लबच्या भिंतीवर, फायर एक्झिटच्या शेजारी, मला टांगून ठेवलं आहे. नव्याने शिकायला आलेल्यांना आधी माझ्यासमोर उभं करतात आणि मगच त्यांच्या हातात धडधाकट धनुष्य देतात. माझ्याकडे पाहून हसलेलं अजून कोणी भेटलं नाही.

तुम्ही चित्रात पाहता तसा मी वाकवलेल्या काठीचा नाही. मला कंपाउंड धनुष्य म्हणतात. मध्ये धातूची मूठ, तिच्या वर एक पातं, खाली एक पातं, पात्यांच्या टोकांना चाकं, आणि चाकांना जोडणारी केबल. फायबरग्लासचे पातळ थर एकावर एक चिकटवून, दाबून, तापवून ही पाती करतात. दोरी ओढली की सगळा जोर पात्यांत साठतो आणि सोडली की तो बाणाबरोबर निघून जातो. आता पुढचं नीट ऐका. दोरीवर बाणच नसेल, तर तो जोर जायचा कुठे? तो उलटा आमच्याच अंगात शिरतो. म्हणून बाणाशिवाय दोरी सोडायची नाही, हा आमच्यातला पहिला नियम. कारखान्यातून निघताना माझ्या मुठीला तसं लिहिलेली लाल पट्टी बांधलेली होती. पट्टी पहिल्याच दिवशी कचऱ्यात गेली, पण नियम सुचेताला पाठ होता.

सुचेता माझी मालकीण. ती मूळची पुण्याची. इथल्या हॉस्पिटलात एक्स-रे विभागात काम करायची, दिवसभर लोकांची मोडलेली हाडं पाहायची आणि संध्याकाळी मला घेऊन क्लबवर यायची. चाळिशी ओलांडल्यावर तिला हे वेड लागलं होतं. घरात लोक तिला चिडवायचे, पण तिने मन लावून शिकून घेतलं. दर शनिवारी ती माझ्या दोरीला मेण लावी, चाकं पुसे आणि मला मऊ अस्तराच्या पेटीत निजवी. तिचा नवरा हरीश आयटीत होता. तो म्हणे, "माझ्या नव्या गाडीचे एवढे लाड कोणी केले नाहीत." ती म्हणे, "तुझी गाडी तू नाकासमोर धरून चालवत नाहीस."

ती म्हणे ते खरंच होतं. पूर्ण ओढल्यावर दोरी तिच्या नाकाच्या शेंड्याला टेकायची. दोरीत बसवलेल्या बारीक छिद्रातून तिचा उजवा डोळा समोरच्या पिवळ्या वर्तुळाकडे पाहायचा. तो डोळा माझ्यापासून जेमतेम दोन बोटांवर असे. तिचा श्वास मला लागायचा. मला कधीकधी त्या जवळिकीची भीती वाटायची, पण तिला कधीच वाटली नाही, कारण तिला माझी खात्री होती.

२००७ साली दसऱ्याला हरीशचे वडील माधवराव नागपूरहून आले होते. माणूस मोठा प्रेमळ. सुनेला शस्त्र चालवता येतं याचं त्यांना कोण कौतुक! शेजारच्या इंग्रज आजोबांना सुद्धा ते कुंपणावरून सांगून आले होते. त्या सकाळी घरातली मंडळी देवघरात लॅपटॉप आणि गाडीच्या किल्ल्या मांडू लागली, तेव्हा ते म्हणाले, "घरात खरं शस्त्र असताना तुम्ही लॅपटॉप पुजून राहिले का? आणा ते धनुष्य."

सुचेताला रविवारची शिफ्ट होती. निघता निघता तिने मला पाटावर ठेवलं, माधवरावांना वाकून नमस्कार केला आणि हरीशला दारातून सांगितलं, "पूजा कर, फोटो काढ, काय ते कर. पण दोरीला कोणी हात लावायचा नाही."

"माहीत आहे गं," हरीश म्हणाला.

माधवरावांनी माझ्या वरच्या पात्यावर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढलं. त्याखाली हळदीची बोटं ओढली, झेंडू वाहिला, हात जोडले. खरं सांगतो, आयुष्यात तेवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

संध्याकाळी स्टॅनमोरहून शशी आणि नीना सोनं द्यायला आले. आपट्याची पानं कुठेच मिळाली नव्हती, म्हणून नीनाने त्यांच्या बागेतल्या कुंपणाची पानं पिशवी भरून आणली होती. हरीश स्वयंपाकघरात वडे तळत होता. शशी हरीशचा कॉलेजपासूनचा मित्र, हौशी माणूस. पाटावरचं धनुष्य पाहून तो माधवरावांना म्हणाला, "काका, नुसतं कुंकू लावून काय? एकदा टणत्कार ऐकवा की. दसरा आहे."

टणत्कार. तुम्हीही तो शब्द गोष्टींत ऐकला असेल. योद्धा धनुष्याची दोरी ओढून सोडतो आणि त्या आवाजाने शत्रूच्या सैन्याला कापरं भरतं. त्या घरातल्या प्रत्येकाने लहानपणापासून तो शब्द ऐकलेला होता. धनुष्य हातात आलं की टणत्कार करायचा, यात वाईट काही असेल असं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. माधवराव तरुणपणी आखाड्यात जात असत. त्यांनी मला उचललं, पाय रोवले आणि रिकामी दोरी कानापर्यंत ओढली. मी किती ओरडलो असतो, पण मला ओरडता कुठे येतं?

त्यांनी दोरी सोडली.

आवाज एवढा मोठा झाला की खिडकीची काच थरथरली. नीनाने टाळ्या वाजवल्या. शशी म्हणाला, "वा काका, सॉलिड." माझ्या वरच्या पात्यात, स्वस्तिकाच्या बरोबर खाली, थरांची एकमेकांना धरलेली मिठी सुटली होती. केसाएवढी चीर. त्यावर वाळलेलं कुंकू तसंच राहिलं. वरून पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं.

हरीश हातात झारा घेऊन धावत आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"काही बिघडलं का रे?" माधवरावांनी विचारलं.

"नाही बाबा, काही नाही," तो म्हणाला. त्याने मला उचलून उजेडात धरलं, पात्यांवरून अंगठा फिरवला. अंगठा स्वस्तिकापाशी थांबला आणि बाजूने पुढे गेला. नंतर तो शशीला हळू आवाजात म्हणाला, "सुचेताला बोलू नकोस हं. दमून येईल बिचारी. सणाच्या दिवशी उगाच कशाला? आणि ती तोंडावर काही बोलणार नाही, पण बाबांना कळेल. त्यांना फार लागेल ते."

शशीने मान हलवली. असा तो विषय वड्यांबरोबर संपला.

सुचेता आली, तिने मला पेटीत ठेवलं. कुंकू पुसायला तिने कापूस घेतला होता, पण मग म्हणाली, "बाबांनी लावलंय, राहू दे." आणि पेटी बंद झाली. आतल्या अंधारात मी आणि माझी चीर.

त्यानंतर ती मला ओढत राहिली आणि दर ओढीला चीर पुढे सरकत राहिली. बाण मात्र सरळ जात होते. मला तेच सगळ्यात भयंकर वाटे. एखादा बाण भलतीकडे गेला असता, तर तिला शंका आली असती. हरीश रोज ती घरी आली की तिच्याकडे निरखून पाही, ती हसताना दिसली की निश्चिंत होई. बाबा परत गेले की सांगू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी, दोरी नाकाला टेकलेली असताना, मी 'टिक्' असा वाजलो. फार बारीक आवाज. पण तिने ऐकला. तिने दोरी न सोडता हळूहळू परत सैल केली आणि मला क्लबच्या हॉलिससाहेबांकडे नेलं. हे साहेब सगळ्यांची धनुष्यं तपासून देत. त्यांची रीत साधी होती. कापसाचा बोळा पात्यावरून हळूहळू फिरवायचा. कुठे चीर असली की तिच्या कुसळात कापूस अडकतो.

बोळा खालच्या पात्यावरून गुळगुळीत फिरला. मग वरच्या पात्यावर आला. पुढे येत येत स्वस्तिकापाशी थांबला. मी मनात म्हणत होतो, अजून थोडं, साहेब, अजून एक बोटभर.

"हे तुमचं पूजेचं आहे ना?" हॉलिससाहेबांनी विचारलं. "सॉरी, मी त्याला हात लावणार नाही."

"थँक यू," सुचेता म्हणाली. तिला ते मनापासून आवडलं.

त्यांनी तो भाग सोडून दिला आणि म्हणाले, "मला काही दिसत नाही. केबल असेल कदाचित. पण घरी विचारून बघ, कोणी बाणाशिवाय दोरी सोडली होती का."

रात्री जेवताना तिने विचारलं. मी बैठकीत पेटीत होतो, पण दार उघडं होतं.

"दसऱ्याला माझ्या धनुष्याला कोणी हात लावला होता का रे?"

मग माधवराव म्हणाले, "मी, सुनबाई, त्या दिवशी..."

"बाबांनी पूजा केली ना," हरीश मध्येच म्हणाला. "तेवढंच. बाबा, कढी घ्या. तुमची गोळी झाली का?"

"दोरी कोणी ओढली नाही ना?"

"छे गं. कोण ओढणार?"

माधवरावांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा कढी वाढत होता. मुलाला सुनेसमोर खोटं कसं पाडायचं, म्हणून ते गप्प बसले असावेत. सुचेता म्हणाली, "मग केबलच असेल." आणि तिने भात कालवला. त्या घरात सगळे एकमेकांचं मन जपत होते. तिच्या डोळ्याचा विचार त्या वेळी एकट्या मला होता आणि मी पेटीत होतो.

दुसऱ्या दिवशी ती नव्या केबलसह मला घेऊन क्लबवर गेली. पहिले बाण ठीक गेले. पुढचा बाण तिने लावला, दोरी ओढली, दोरी नाकाला टेकली, डोळा छिद्रापाशी आला. तिचा श्वास मला लागला. मी जेवढं धरून ठेवता येईल तेवढं धरलं. मित्रांनो, यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण मी धरलं होतं. मग वरचं पातं स्वस्तिकापाशी उभं फुटलं.

कोणीतरी शिट्टी वाजवत राहिलं. सगळ्यांनी धनुष्यं खाली ठेवली. सुचेता गुडघ्यांवर बसली होती, उजव्या डोळ्यावर हात, आणि बोटांतून रक्त येत होतं. ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "हॉलिस, मला दिसत नाहीये."

बऱ्याच दिवसांनी ती घरी आली. डोळ्यावर पट्टी होती. हरीशने मला कोपऱ्यात उभं करून ठेवलं होतं, कारण टाकून द्यायची त्याची हिंमत होत नव्हती. कारखान्याचा दोष असेल, आपण तक्रार करू, असं काहीतरी तो बोलू लागला. तेव्हा माधवराव खुर्चीतून उठले.

"दोष कारखान्याचा नाही," ते म्हणाले. "दसऱ्याला मी दोरी ओढून सोडली होती, सुनबाई. रिकामी. मला माहीत नव्हतं की त्याने असं होते."

सुचेता त्यांच्यावर रागावली नाही. तिने सावकाश मान वळवून, चांगल्या डोळ्याने हरीशकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

हरीशने मान खाली घातली.

"दुकानात नवं पातं मिळतं, हरीश," ती म्हणाली. "सोमवारी जाऊन आणलं असतं."

माधवराव भिंतीला धरून खाली बसले. तिच्या उजव्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. एक्स-रेचं काम सुटलं. मला तिनेच इथे आणून दिलं आणि कुंकू पुसू नका, असं सांगून गेली.

मित्रांनो, तुमच्या हातूनही वस्तू पडतील, आपटतील. कधी तुमच्या मोठ्या माणसांच्या हातूनही बिघडतील. वरून काही दिसलं नाही, तरी ज्याची वस्तू आहे त्याला त्याच दिवशी सांगा. सण असला तरी सांगा, समोर आजोबा असले तरी सांगा. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुम्हाला ही विनवणी. हरीशने सांगितलं असतं तर सुचेता रागावली असती, हे मात्र खरं. सणाच्या जेवणाच्या वेळी ती कोणाशी एक शब्द बोलली नसती, नवऱ्याकडे रोखून पाहत राहिली असती. पण दोन्ही डोळ्यांनी पाहिलं असतं.