कॅमेरे बंद असताना

तहसीनने माउसवरचा हात उचलला, तळवा ओढणीला पुसला आणि परत ठेवला. पडद्यावरची सूचना तशीच उभी होती. या डिस्कवरची सगळी माहिती पुसली जाईल. पुढे जायचं का?

"झालं का?" जैनबने दारातून विचारलं.

"अजून सुरूच नाई केलं, अम्मी."

सासू आत आली नाही. त्या संगणकाच्या जवळून जायचं ती एरवीही टाळायची. आज तर त्याचं एका बाजूचं झाकण काढलेलं होतं आणि आतला पंखा फिरताना दिसत होता.

त्यांचं घर गावाच्या टोकाला. मागच्या फाटकाबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भातशेतं, पुढे नाला आणि नाल्याच्या पल्याड जंगल. शेजारच्या नानाजी आणि कमळाकाकींच्या गोठ्यातून वाघाने कालवड ओढून नेली, त्या वर्षी तहसीनने हा संगणक घरी आणला. सिंदेवाहीच्या ज्या कॉम्प्युटर क्लासमध्ये ती शिकवायची, तिथे तो अडगळीत पडून होता. नबीलने, तिच्या नवऱ्याने, चंद्रपूरहून सुट्टीवर येताना कॅमेरे आणले आणि खांबांवर चढून लावले. कॅमेऱ्यांतलं सगळं या संगणकात येई. चित्रात मोठं जनावर दिसलं की गल्लीतल्या घराघरांतले फोन वाजत. अंधारात अंगणात उतरण्याआधी लोक फोनकडे बघू लागले. शेतात निघालेल्या बाया भिंतीवरून हाक मारू लागल्या, "तहसीन, पाह्य बरं, साफ हाय का?"

मग संगणकातली सिस्टिम दगा द्यायला लागली. ती फार जुनी झाली होती. तिच्यासाठी दुरुस्त्या येणंही थांबलं होतं. एका दुपारी ती मुकाट्याने अडकली. पडद्यावर शेवटचं चित्र तसंच राहिलं: रिकामी पायवाट, लख्ख ऊन. बाहेर दिवस मावळायला आला आणि चित्रातलं ऊन हलेना, तेव्हा तहसीनच्या लक्षात आलं. तोवर दोघीतिघींना ती "साफ आहे, जा" म्हणून बसली होती. सगळ्या सुखरूप परतल्या. तिने कोणाला काही सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून तिला शांत झोप लागत नव्हती.

म्हणून आज ती जुनी सिस्टिम काढून लिनक्स टाकायला बसली होती. क्लासमध्ये तिने हे काम कितीदा केलं होतं. तिथे बिघडलं तर पोरं हसायची, एवढंच. रात्री कॅमेरे बंद ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून दुपार निवडली. धान कापणीला आलं होतं. सकाळीच ती दारोदार सांगून आली होती: आज दुपारी फोन वाजणार नाही, कोणी मागे जाऊ नका.

तिने 'पुढे'वर दाबलं. एक बारीक निळी पट्टी सरकू लागली. बाजूचा दुसरा पडदा, ज्यावर एरवी पायवाट, नाला, गोठे दिसायचे, काळा झाला. त्या काळ्या काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसला. तिने नजर वळवली.

आता मध्येच वीज गेली तर? डिस्कच खराब निघाली तर? ती पट्टीकडे बघत राहिली. पट्टी थांबे, पुन्हा सरके.

"कमळाले सांगितलं होतं न तू?" जैनब अजून दारातच होती.

"नानाजीकाकाले सांगितलं. काकी आंघोळीले गेली होती."

"नानाजी तं तवाच सावलीच्या बाजाराले गेला."

तहसीनने मान वळवली.

"आत्ता गेली न कमळा मागून. हातात इळा होता. मी म्हटलं, काऊन जाऊन राह्यली? तं म्हनते, तहसीनचा फोन नाई वाजला, म्हंजे साफ हाय."

तहसीनने फोन लावला. भिंतीपलीकडे, कमळाच्या रिकाम्या घरात, घंटी वाजू लागली. बराच वेळ वाजून थांबली.

पट्टी अर्ध्यावर होती. आता ती थांबवता येत नव्हती आणि थांबवूनही कॅमेरे दिसणार नव्हते. तहसीन उठली. चुलीजवळची पितळी परात घेतली, सांडशी घेतली.

"तू नको जाऊ," जैनबने तिचं मनगट धरलं. "नबीलले काय सांगू मी?"

"फाटक उघडंच ठेवा, अम्मी."

मनगट सुटायला क्षणभर लागला.

बाहेर ऊन होतं आणि आवाज नव्हता. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना पिकलेलं धान कमरेच्या वर उभं होतं. ही वाट तिने रोज पाहिली होती, पण खांबावरून, वरून खाली. वरून बांध्या सपाट दिसायच्या. इथे चार हातांपलीकडे धानात काय दडलंय ते दिसत नव्हतं. तिने परातीवर सांडशी हाणली. आवाज नाल्यापर्यंत जाऊन परत आला.

"काकी! ओ काकी!"

नाल्याच्या पल्याडून वानर खाकरलं. एकदा, मग पुन्हा. वाघ दिसला की वानर असं ओरडतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. पाय मागे वळत होते. तिने परात छातीशी धरली आणि वाजवत पुढे गेली. उजव्या बाजूचं धान हललं. ती थांबली. तिने सांडशी उगारून धरली.

"एवढी काऊन वाजवून राह्यली वं? कान फुटले माहे."

कमळा धानातून उभी राहिली. डोक्याला फडकं, हातात विळा.

"काकी, कॅमेरे बंद हायत! चाल घरी. आत्ताच्या आत्ता."

"मले मालूम हाय."

"काय?"

"सकाळी हे सांगून गेले न." कमळा पुन्हा वाकली आणि कापलेली मूठ भाऱ्यावर ठेवू लागली. "तुह्या अम्मीले तसं म्हटलं. तिच्या जिवाले घोर कायले?"

"माहीत होतं, तरी आली?"

"धान कोण कापंल? फोन वाजते तवाही येतोच आमी. दोघीतिघी असलो का मोठ्यानं बोलत येतो. एकटी असलो का खोकलत." तिने भारा गुडघ्याने दाबला. "फोन वाजला म्हून घरी बसलो, असं कितीक दिवस चालंल?"

"मंग रोज मले विचारता काऊन? साफ हाय का म्हणून?"

कमळाने भाऱ्याचा बंद आवळला, गाठ मारली. मग घाम पुसत तिने नाल्याकडे पाहिलं.

"पल्याडच्या गावात त्या इतवारीची माय वाघानं नेली न. घरच्याइले वाटलं, बाई बहिणीकडं मुक्कामाले राह्यली. दुसऱ्या दिवशी शोधाले निगाले. रातभर ती तिथीच." तिने विळा कमरेला खोचला. "तुले विचारून आलं का तुले मालूम रायते, कमळा कोन्या बांधीत हाय. परत नाई आली तं तू तरी सांगशील."

वानर पुन्हा खाकरलं. या वेळी दूर.

"भारा उचलू लाग," कमळा म्हणाली.

दोघींनी भारा उचलून कमळाच्या डोक्यावर ठेवला. परतताना कमळा पुढे, तहसीन मागे, परात वाजवत. बांधाच्या ओल्या चिखलात एक पाऊल उमटलेलं होतं, तहसीनच्या तळव्याहून रुंद. कमळाने ते पाहिलं आणि ओलांडलं.

"सकाळचं हाय."

"कसं कळलं, काकी?"

"नाई कळत," कमळा म्हणाली. "चाल."

घरी आल्यावर तहसीनने परात आणि सांडशी जागेवर ठेवली. जैनबने तिला पाणी दिलं. संगणक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता आणि नव्या पडद्यावर तिच्या नावाची वाट पाहत होता. तिने नाव भरलं. एकेक कॅमेरा जोडला. नाला आला. गोठे आले. पायवाट आली, आणि त्या चित्रात वाऱ्याने धान हलत होतं. ते खरंच हलतंय, याची खात्री होईपर्यंत तहसीन थांबली.

मग सिस्टिमने विचारलं, कशाची सूचना द्यायची? प्राणी. वाहन. माणूस.

जुन्या सिस्टिममध्ये माणसांची सूचना तिने पहिल्याच दिवशी बंद केली होती. दिवसभर कोणी ना कोणी जायचं-यायचं, फोन उगाच वाजायचे. गल्लीतल्या फोनांसाठी तिने प्राण्यापुढे खूण केली. मग आपल्या एकटीच्या फोनसाठी माणसापुढेही.

थोड्याच वेळात फोन वाजला. जैनबच्या हातातला पेला हिंदकळला.

"आला?"

"नाई, अम्मी. कमळाकाकी हाय."

"घरी आली न ती?"

"दुसऱ्या भाऱ्याले चालली."

जैनब पहिल्यांदाच खोलीत आली. तिने भिंतीशी असलेला स्टूल ओढला आणि पडद्यासमोर बसली.

"कोन्ती व्हय ती? दाखव मले."