उत्तर माझ्यावरच पडलं होतं

मी एका शाळेच्या स्टाफरूममधलं लांबलचक टेबल बोलतोय. गप्प बसणं मला आताशा जमत नाही.

बारा माणसं एकत्र बसावीत म्हणून सुतारानं मला सहा पायांवर उभं केलं. माणसं बसली, पण वह्यांच्या गठ्ठ्यांच्या भिंती रचून. गणिताच्या बाई खिडकीकडे, भाषेचे सर दाराकडे. खेळाचे सर उभ्या उभ्या चहा पिऊन मैदानावर पळतात. आपण बरे, आपला विषय बरा!

गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलीपायी माझा जीव टांगणीला लागला. खिडकीकडे तिची गणिताची वही, सगळी उत्तरं बरोबर. दाराकडे तिची श्रुतलेखनाची वही, दहापैकी दोन, एक, शून्य. खाली लाल शेरा : ‘लक्ष नसते.’ दोन्ही वह्यांमध्ये चार हातांचं अंतर. मी नुसता तळमळत होतो. लाकडाला कोण विचारतो?

एक दिवस भाषेचे सर कागद लिहायला बसले. ‘या मुलीला पुन्हा सहावीतच बसवावे.’ सही तेवढी राहिली होती. मला पाय आपटता येत असते, तर सहाही आपटले असते.

कप ठेवायला वाकलेल्या खेळाच्या सरांनी नाव वाचलं. “हिला? का हो?”

“उद्धट आहे. हाक मारली तर वळूनही बघत नाही.”

“शिट्टी वाजली तरी हलत नाही खरी. बाकीच्या पळाल्या की मग सुटते. मला वाटलं, आळशी असेल.”

“आळशी?” बाईंनी मान वर केली. “फळ्यावरचं गणित सगळ्यांच्या आधी तिचं होतं.” मग त्या थबकल्या. “सर, तिला ऐकू येतं ना नीट?”

भाषेच्या सरांनी सही न करताच पेन खाली ठेवलं.

तपासणीत एक कान जवळजवळ बंद निघाला, दुसरा अधू. कानाला यंत्र आलं, पहिला बाक मिळाला. सरांनी भर वर्गात तिची माफी मागितली. “वर्षभर तुला ओरडलो गं.” ती म्हणाली, “मला वाटायचं, तुम्ही बोलताच हळू.”

आता दर शनिवारी तिघं गठ्ठे खाली ठेवून बसतात. वाद घालतात, एकमेकांचे शेरे खोडतात. बाकीचे नऊ जण अजून भिंतींआडच.

आणि आज माझ्या चार कोपऱ्यांत एकाच मुलाच्या चार वह्या पडल्यात. चारही मंगळवारपासून कोऱ्या. चौघांचे चार शेरे वाळतायत. अहो, तो गठ्ठा जरा सरकवा. शेजारच्याला एवढंच विचारा, “हा तुमच्या तासाला कसा असतो?”