दहा घरांना एक खडा

शाळेच्या पटांगणात खडूचे चौकोन आखले होते, एकेका काळाचा एक, मावशीच्या सासूच्या काळापासून आजपर्यंत. गावातल्या टोपल्यांच्या धंद्याच्या अभ्यासाला आलेल्या बाई म्हणाल्या, विणणाऱ्या दहा घरांना एक खडा ठेवा. दहाच्या आतली घरं मोजायचीच नाहीत, असला हा अभ्यास.

टोपल्या विणणारी मावशी चौकोनांतून चालत गेली. सासूच्या चौकोनात सहा खडे होते. तिथे तिला ओल्या वेताचा वास आला, साठ ओट्यांवर बोटं हलताना दिसली.

आजच्या चौकोनाशी दीर म्हणाला, "वहिनी, तुमचं एकच घर. धंदा संपला, असं लिहू द्या."

"मग मी रोज काय माशा मारते?"

मावशी त्या रिकाम्या चौकोनात मांडी घालून हातातली अर्धी टोपली विणायला बसली.

"मावशी, चौकोनांचा फोटो काढायचाय. जरा सरका," बाई म्हणाल्या.

"काढा की. खडा कुठं सरकतो?"

साठ ओट्यांवरची सळसळ तिला अजून ऐकू येत होती.