पत्त्यातला एक रकाना

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी खोका परत आला. दुसऱ्यांदा. आतला, थंडावा टिकवणारा ड्राय आइस संपला होता आणि औषधाचे नमुने वाया गेले होते.

मित्रांनो, त्या खोक्यावरचं लेबल माझं होतं. मी अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या एका प्रयोगशाळेतला जुना लेबल प्रिंटर आहे. नऊ वर्षांपूर्वी आलो तेव्हा माझं कौतुक होत असे: कागद अडकत नाही, अक्षर पुसत नाही. आता माझ्या डोक्यावर लोक कॉफीचे कप ठेवतात.

खोके पाठवण्याचं काम यतीनकडे आहे. दीड वर्ष जपलेल्या नमुन्यांचे तीन संच होते, ते चीनमधल्या कुन्शानला तपासणीसाठी जायचे होते. पत्त्याच्या फॉर्मवर ‘शहर’ असा एकच रकाना आहे. पहिल्यांदा तिथे ‘सूचौ’ लिहिलं, तर पत्त्यातला रस्ता सूचौत सापडला नाही. दुसऱ्यांदा ‘कुन्शान’ लिहिलं, तर ते आयात परवान्यावरच्या ‘सूचौ’शी जुळलं नाही. आता एकच संच उरला होता.

“काकू, दोन्ही बरोबर, तरी रिटर्न. शहराच्या आत शहर कसं असतं हो?” यतीनने विचारलं.

वसुधाकाकू इथल्या सर्वांत जुन्या केमिस्ट. त्यांनी माझ्यावरचा कप उचलला.

“तू काटोलचा ना? घरी पत्र कसं लिहायचास?”

“मुक्काम पोस्ट काटोल, जिल्हा नागपूर.”

“मग झालं. कुन्शान तालुक्याच्या दर्जाचं, सूचौ जिल्ह्याच्या, बीजिंग तर थेट प्रांताच्या तोडीचं. पण तिकडे तिघांनाही शहरच म्हणतात.”

“म्हणजे क्लार्क, मॅनेजर आणि सीईओ, तिघांच्या दारावर ‘साहेब’.”

“आणि आपल्या फॉर्मला एकच साहेब चालतो.”

काकूंनी दोन्ही नावं त्या रकान्यात बसवून पाहिली. तो बारा इंग्रजी अक्षरांवर थांबला. यतीनने मुख्य कार्यालयाला कळवलं, रकाना वाढवा. दोन दिवसांनी उत्तर आलं: प्रिंटर जुना आहे, बदलून टाका.

मित्रांनो, मी एकही अक्षर चुकवलं नव्हतं. मला जे दिलं, ते मी छापलं. फॉर्म करणाऱ्याने त्या गावाचा पत्ता तिथला माणूस कसा सांगतो, एवढं विचारलं असतं, तर दोन संच वाचले असते. यंत्र फेकण्याआधी रकाना तपासा, एवढंच माझं मागणं आहे.

गुरुवारी काकूंनी ‘कुन्शान’ रस्त्याच्या ओळीत घातलं आणि शहर ‘सूचौ’ ठेवलं.

“हे चालेल?” यतीनने विचारलं.

“पोस्टमन शहाणा असेल तर.”

चार वाजता शेवटचा खोका गेला. ड्राय आइस पाच दिवसांचा होता. नवा प्रिंटर दाराशी बंद पेटीत उभा आहे.

आज सोमवार. सकाळी आठची ट्रॅकिंगची नोंद: शांघाय, पत्त्याची तपासणी सुरू.