बारीक रेघ

“कुणी मागायला आलं, तर बारीक रेघ बारीकच दे, सुनीती.”

हे गेले, त्याच्या आदल्या आठवड्यातलं यांचं बोलणं. अकरा वर्षांत कुणी आलं नव्हतं. आणि परवा गुरुवारी, माझं रामनामाचं पान अर्धं झालेलं असताना, दारात एक मुलगी उभी राहिली.

“आजी, मी हेमा. आप्पासाहेबांची नात.”

मी मानेनेच बस म्हटलं. रोजचं पान पुरं झाल्याशिवाय मी बोरू ठेवत नाही, पाणीही घेत नाही. ती गुमान बसून राहिली.

तिच्या आजोबांचा छपाईचे खिळे ओतायचा कारखाना होता. यांनी तिथे तीस वर्षं अक्षरं रेखाटली. पान झाल्यावर तिने पिशवीतून कारखान्याचा जुना कॅटलॉग काढला. ती हिंजवडीला कंपनीत असते.

“हा टाइप मला कॉम्प्युटरवर आणायचाय. कसला एलिगंट आहे! आणि नाव तुमच्या यजमानांचं, यज्ञेश्वर आजोबांचंच घालणार.”

मी कॅटलॉग पाहिला आणि मिटला. “हे यांचं अक्षर नाही, बाळ.”

सासष्ट साली यांनी एका इंग्रजी मासिकाचं मुखपृष्ठ भिंतीला लावलं होतं. उभे दांडे भरदार, आडव्या रेघा केसाएवढ्या, टोकांना पातळ धार. तसा डौल मराठीला हवा, पण उसना नको, असं म्हणायचे. म्हणून माझ्या रामनामाच्या वह्या पुढ्यात घेऊन बसत. बोरू कुठे दाबला जातो, कुठे नुसता निसटतो, ते भिंगातून बघत. वीतभर उंचीचं एकेक अक्षर काढत होते, दीड वर्ष.

भट्टीवर कात्रजचा सोनबा होता. पहिले खिळे त्याने ओतले आणि हटूनच बसला, “सायेब, पयली पत्रिका आमच्या शकूची.” तशी झाली, त्याच्या लेकीच्या लग्नाची. ‘शकू’मधल्या ऊकाराची रेघ इतकी नाजूक होती की श्वासाने उडून जाईल म्हणून मी पत्रिका तोंडापासून लांब धरली होती.

पण छापताना त्या रेघा तुटायला लागल्या. आप्पासाहेब म्हणाले, “यज्ञेश्वर, पत्रिकेबरोबर भिंगही वाटायचं का लोकांना?” हे टायफॉइडने महिनाभर दवाखान्यात होते, तेवढ्यात रेघा जाड करून नवे साचे तयार झाले. जुने खिळे सोनबानेच वितळवले. त्याचा काय दोष, सांगितलं ते केलं. ते जाड अक्षर मग पुण्यात घरोघर गेलं. मुंजी, बारशी, वास्तुशांती. अशी पत्रिका आली की हे ती उलटी ठेवत.

“पण ओरिजिनल ड्रॉइंग्ज असतील ना तुमच्याकडे?” हेमाने विचारलं.

“नाहीत.”

लिहून भरलेल्या वह्या मी नदीत सोडते. देवाचं नाव रद्दीत जाऊ नये. त्या वह्यांना आणि यांच्या कागदांना मी एकाच जुन्या लुगड्याची लाल बासनं शिवली होती. यांच्या तेराव्यानंतर एक बासन उचललं, ओंकारेश्वरापाशी पाण्यात सोडलं, हात जोडले. घरी येऊन दुसरं उघडलं, तर आत वह्या.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. रामालाही नाही. त्याला ठाऊक असणारच.

ते हेमाला सांगितलं. तिने कॅटलॉग पिशवीत ठेवला. मग म्हणाली, “आजी, कुठे एखादी छापलेली कॉपी? एक कागद जरी…”

तेव्हा मला शकूच्या लग्नाची, देवापुढे ठेवायची पहिली पत्रिका आठवली. सोनबाची बायको तुळजाबाई अजून संक्रांतीला तिळगूळ पाठवते, तिचा नंबर माझ्याकडे होता. हेमाने मोबाइल लावून दिला.

“पत्रिका व्हय? हाय की, वैनी. खंडोबाच्या फोटूमागं घातलीया. पार हळदीनं माखलीया बगा.” पुढे म्हणाली, “शकू जाऊन धा वर्सं झाली. आता तेवढंच हाय तिचं. घराभाईर न्यायची न्हाई. हितंच बसा, बगा, च्या प्या.”

“नाही नेत, तुळजाबाई. तुमच्या हातातच राहू दे.”

हेमा म्हणाली, “मी शनिवारी स्कॅनर घेऊन जाऊ का?”

“ती सोडायची नाही कागद. आणि हळदीखालची रेघ मशीनला कशी कळणार? मी उतरवून आणते.”

“पण पत्रिकेत सगळी अक्षरं नसतील ना, आजी.”

“नसतील. आहेत तेवढी देते. पण बारीक ती बारीकच ठेवशील?”

तिने मान डोलावली. मग वाकून नमस्कार केला.

आज एकादशी. अंघोळ, पूजा झाली, पान पुरं केलं. यांचं भिंग मऊ फडक्यात गुंडाळलं. पिशवीत पातळ कागद, दोन बोरू, दौत, आणि तुळजाबाईसाठी राजगिऱ्याच्या वड्या. देवाला सांगून निघाले.

कात्रजच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेतली. पिशवीच्या कापडावर बोटाने एक रेघ ओढून पाहिली. मग पुन्हा ओढली, आणखी हलकी.