अठराव्या पानाचा शिक्का

पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची ख्याती अशी, की दशांशचिन्हापुढचा आकडासुद्धा ती कुणाच्या भिडेखातर बदलायची नाही. आणि आज तीच बाई शिवणाच्या एका दुकानापुढून तिसऱ्यांदा मान खाली घालून निघून गेली. पर्समध्ये त्या दुकानातल्या मावशीची यात्रेची वही होती. वही परत करायची आठ महिने ‘राहून गेली’, असं ती स्वतःला सांगत आली होती. राहून काही गेलं नव्हतं. तोंड दाखवायची हिंमत नव्हती.

डोंगरावरच्या देवस्थानापर्यंत सव्वीस दिवसांची पायवाट. रोज एक मुक्काम, मुक्कामाला एक शिक्का, शिक्क्याला वहीचं एक पान. पहिल्याच दिवशी ती मनगटावरच्या घड्याळात बघून किती पावलं झाली ते सांगू लागली, तेव्हा मागून आवाज आला, “अहो मोजणीबाई, आमचीपण मोजा की जरा!” ती मावशी. साठीची, ठेंगणी, पुढे चालणाऱ्याच्या सदऱ्याची वाकडी शिलाई बघून नाक मुरडणारी. तिच्याबरोबर निवृत्त ड्रायव्हरकाका होते. “तीस वर्षं लोकांना नेलं,” ते म्हणायचे, “आता म्हटलं स्वतःला नेऊन बघू, गाडी चालते का.”

नाव पडलं ते पडलंच. तिघांचं असं काही सूत जमलं, की घरात कधी काढले नव्हते ते विषय मोजणीबाई रस्त्यात काढू लागली. तिसऱ्या दिवशी मावशीनं टूम काढली, वह्या बदलायच्या. “म्हणजे कुणी कुणाला टाकून पळणार नाही. आपली वही दुसऱ्याच्या पिशवीत असली की माणूस बरोबर थांबतं.” मावशीची वही मोजणीबाईकडे आली, मोजणीबाईची काकांकडे गेली, काकांची मावशीकडे. तिघं पोचल्याशिवाय शिक्का नाही, असं ठरलं.

अठराव्या दिवशी एकोणीस किलोमीटरचा टप्पा होता. औषधालासुद्धा झाड नाही, आणि शेजारून तुडुंब भरलेला कालवा. सकाळी दहाच्या सुमाराला, सहाव्या किलोमीटरला, मोजणीबाईच्या टाचेचा फोड फुटला.

“पाय जरा दुखतोय. तुम्ही व्हा पुढे,” फोडाचं न सांगता ती म्हणाली. “मी येते सावकाश.”

मावशीचा पाय निघेना. शेवटी स्वतःची पाण्याची बाटली तिच्या हातात कोंबून ती गेली.

दोघं दिसेनाशी झाल्यावर मोजणीबाई खूप वेळ बसून राहिली. मग शेतं ओलांडून डांबरी रस्त्याला लागली. दीड वाजता बस आली. आपण हात केलाच नव्हता, बस आपणहून थांबली, असं तिनं पुढे कितीदा तरी मनाशी म्हणून पाहिलं. पण हात तिनंच केला होता.

दोन वाजता ती मुक्कामाच्या गावात उतरली. आणि इथे तिचं शास्त्र तिच्या मदतीला धावलं. दुखऱ्या पायानं ताशी दोन, उरलेले तेरा किलोमीटर, म्हणजे साडेचारच्या आत पोचणं शोभणार नाही. ती एका हॉटेलात पाठमोरी बसली, चहा घेतला, बिस्किटं खाल्ली, आणि बरोबर साडेचारला लंगडत मुक्कामाच्या दारात उभी राहिली.

काका पायरीवर बसले होते. “मावशी कुठाय?” त्यांनीच विचारलं.

“म्हणजे?”

“अगं, तुलाच बघायला गेली उलटी. अडीचला. वाटेत भेटली नाही?”

वाट एकच होती. “मी... कालव्याच्या पलीकडच्या काठानं आले,” मोजणीबाई म्हणाली.

काकांनी तिच्या बुटांकडे पाहिलं. बुटांवर एकोणीस किलोमीटरची धूळ नव्हती. “बरं,” ते म्हणाले.

मावशी सहा वाजता आली, एक पाय ओढत. “आलीस का गं बाई! जीव भांड्यात पडला माझा.” रागाचा एक शब्द नाही. रात्रीतून गुडघा सुजला. दोन दिवस तिनं तो रेटला आणि विसाव्या दिवशी हात टेकले. घरच्या बसमध्ये चढताना काकांची वही तिनं त्यांना परत दिली आणि मोजणीबाईला म्हणाली, “माझी वही राहू दे तुझ्याकडेच. तू चाललीस म्हणजे मीच चालले.”

शेवटच्या दिवशी, डोंगरावर, काकांनी मोजणीबाईला तिची वही परत केली. अठराव्या पानात बसचं तिकीट होतं. “तुझ्या पिशवीच्या पट्ट्यात अडकलं होतं,” ते म्हणाले. बस्स, एवढंच. त्यानंतर त्यांचा फोन नाही आणि हिचाही नाही. मावशीचा मात्र दर पंधरा दिवसांनी यायचाच, आणि ही तो वाजू द्यायची.

चौथ्या खेपेला ती दुकानात शिरली.

“अगं बया, मोजणीबाई!” मावशीनं मशीन थांबवलं. उठताना तिनं टेबलाचा आधार घेतला, ते मोजणीबाईनं पाहिलं. “मेलीस की काय म्हटलं! फोन उचलायला हात झिजतात का गं?”

“वही आणलीय.”

मावशीनं चष्मा पुसला आणि वही उघडली. विसाव्या पानापासून पुढचे शिक्के ती बोटानं चाचपत गेली, कापडाचा पोत बघावा तसे. “सगळ्या गल्लीला सांगितलंय मी. माझ्या वाटचं एक पोरगी चालली म्हणून.”

“मावशी, अठराव्या दिवशी मी बसनं गेले होते.”

मावशीचं बोट थांबलं.

“पलीकडच्या काठानं वगैरे आलेच नाही. गावात हॉटेलात बसून होते. साडेचारपर्यंत.”

मावशीनं वही मिटली. मग म्हणाली, “काय खाल्लंस?”

“काय?”

“हॉटेलात. काय खाल्लंस?”

“चहा. बिस्किटं.”

“मी कालव्यात बघत होते,” मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. “तुझा पाय दुखत होता ना. म्हटलं, पाय धुवायला उतरली असेल आणि घसरली. दर शंभर पावलांवर वाकून बघत होते. कडेला एक निळं फडकं अडकलेलं दिसलं, तर उतरले खाली. तिथेच गुडघा पिरगळला. तुझी ओढणी निळी होती.”

आठ महिने मोजणीबाईनं हिशेब मांडला होता तो असा: चार किलोमीटर उलटे, चार परत, साठीचा गुडघा. निळं फडकं त्यात कुठेच नव्हतं.

“फोडाचं सांगितलं असतंस तर मीच बसवून दिलं असतं तुला गाडीत,” मावशी म्हणाली. “काकांनी तर ड्रायव्हरशेजारची जागा मिळवून दिली असती. हसलो असतो चार दिवस.” ती हसली नाही.

तेवढ्यात दारातून एक गिऱ्हाईक आत आली, हातात कापड. वहीकडे पाहून तिचा चेहरा खुलला. “ह्याच का त्या, मावशी? तुमच्यासाठी चालल्या त्या? धन्य आहे बाई तुमची! आजकाल कोण कुणासाठी एवढं करतं!”

मावशी हो म्हणाली नाही, नाहीपण म्हणाली नाही. चष्म्यावरून मोजणीबाईकडे बघत राहिली.

“नाही,” मोजणीबाई म्हणाली. “म्हणजे, मीच ती. पण मी एका टप्प्याला चोरून बसनं गेले. ह्या मला शोधायला मागे फिरल्या, म्हणून त्यांचा गुडघा गेला. त्यांची यात्रा माझ्यामुळे अर्धी राहिली.”

गिऱ्हाइकानं कापडाची घडी उलगडली, पुन्हा घातली. “मी... नंतर येऊ का?”

“कशाला? उभी राहा सरळ,” मावशी म्हणाली. वही तिनं मशीनच्या खणात टाकली आणि खण जरा जोरातच बंद केला. गळ्यातली टेप काढली, गिऱ्हाइकाच्या खांद्यापर्यंत हात वर करून पाहिला. मग गुडघ्याकडे बघून तोंड वाकडं केलं आणि टेपचं टोक मोजणीबाईपुढे धरलं.

“धर. चवड्यांवर उभं राहवत नाही आता मला. आणि आकडा खरा सांग.”

मोजणीबाईनं खांद्यापासून मनगटापर्यंत टेप लावली. आकडे डोळ्यांपुढे विरघळत होते. तिनं डोळे पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

“साडेएकवीस.”

मावशीनं लिहून घेतलं. वर न बघता म्हणाली, “दुसरा हात.”